पोत्यावरचे नाव बदलते तेव्हा

१९३६ साली मुंबईत एक कंपनी स्थापन झाली. पहिल्या दिवसापासूनच तिच्यापाशी कारखाने होते, खाणी होत्या, कामगार होते आणि बांधलेले ग्राहकही होते. कारण ती खऱ्या अर्थाने नवी नव्हतीच. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशा या चार समूहांच्या दहा सिमेंट कंपन्या एकमेकींत विरघळून ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’, म्हणजे आजची एसीसी, आकाराला आली. ज्या दिनशांनी ही कल्पना चिकाटीने पुढे रेटली, ते त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले. योजना फळाला आलेली त्यांना पाहता आली नाही.

दहा धनी एका वेळी आपले स्वतंत्र अस्तित्व सोडायला तयार का होतात? एखाद्याला वार्धक्य आले, एखाद्याला वारस नाही, एखाद्याला कर्ज झेपत नाही, असे सुटे सुटे कारण समजण्यासारखे आहे. पण सुटी कारणे असती, तर कंपन्यांची विलीनीकरणे वर्षानुवर्षे साधारण सारख्याच संख्येने होत राहिली असती. तसे घडत नाही. दहा-दहा वर्षे शांततेत जातात आणि मग दोन-चार वर्षांत एकामागून एक सौदे जाहीर होतात. अमेरिकेत १८९५ ते १९०४ या काळात अशी पहिली मोठी लाट आली. त्यानंतर १९२० चे दशक, १९६० चे, १९८० चे, १९९० चे आणि पुन्हा २००३ ते २००७ ही वर्षे अशाच लाटांची म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत नोंदली गेली. विलीनीकरणाला पंचांग नसते, तरी त्याची लग्नसराई असते. ती का असते, हे पाहायला भारतीय सिमेंट उद्योगाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

सिमेंटचा धंदा वरून साधा दिसतो. चुनखडी खणायची, दळायची, भट्टीत भाजून क्लिंकर करायचे, त्यात जिप्सम मिसळून पुन्हा दळायचे आणि पोती भरायची. मात्र भट्टी उभी करण्यातच बहुतेक भांडवल गुंतते. ती पेटती ठेवली तरी व्याज चालू आणि विझवली तरी व्याज चालू. माल जड आणि स्वस्त असल्याने तो फार लांब नेणे परवडत नाही. म्हणून प्रत्येक कारखान्याचा बाजार आसपासच्या काही जिल्ह्यांपुरता असतो. अशा धंद्यात मागणीपेक्षा भट्ट्या जास्त झाल्या, की प्रत्येक मालक एकच विचार करतो: घसाऱ्याचे पैसे सुटले नाहीत तरी चालेल, कोळशाचे आणि मजुरीचे सुटले म्हणजे झाले. सगळ्यांनी असा विचार केला, की भाव कोसळतो आणि कुणालाच काही सुटत नाही.

१९२० च्या दशकात नेमके हेच झाले. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट निघू लागले होते, पाठोपाठ कटनी आणि लाखेरी येथे कारखाने आले. महायुद्धामुळे परदेशी माल बंद झाला, भाव चढले, आणि त्या चढ्या भावाकडे पाहून अनेकांनी भट्ट्यांची मागणी नोंदवली. कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. ते सारे उभे राहिले तेव्हा युद्ध संपले होते. मग दरयुद्ध पेटले आणि काही कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांनी आधी सलोख्याचे मार्ग चाचपून पाहिले: १९२५ मध्ये उत्पादकांची संघटना, १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया, १९३० मध्ये सामाईक विक्रीसाठी सिमेंट मार्केटिंग कंपनी. पण वेगवेगळ्या तिजोऱ्या असलेल्या माणसांचा समझोता किती टिकणार? सहा वर्षांनी तिजोरीच एक झाली.

चाळीस वर्षे आधी अमेरिकेत हेच नाट्य मोठ्या रंगमंचावर झाले होते. १८९३ च्या मंदीत नव्याने उभारलेल्या पोलाद, कागद, तारा, खिळे यांच्या कारखान्यांत दरयुद्ध भडकले. भाव बांधून घेण्याचे करार झाले, आणि सही करणाऱ्यांपैकीच कुणीतरी मागच्या दाराने सूट देऊ लागल्याने मोडले. शिवाय १८९० च्या शर्मन कायद्याने असे करार बेकायदा ठरवले होते. त्याच सुमारास न्यू जर्सी राज्याने एका कंपनीला दुसरीचे समभाग बाळगण्याची मुभा दिली. दर ठरवण्यासाठी दोन कंपन्यांनी हातमिळवणी करणे गुन्हा, पण दोघींनी एकच होऊन जाणे कायदेशीर, अशी ती गमतीची स्थिती होती. वकिलांनी ती गंमत चटकन ओळखली. त्या लाटेत १८०० हून अधिक कंपन्या मोठ्या संस्थांत लुप्त झाल्या. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलाद व्यवसाय सुमारे ४८ कोटी डॉलरला घेऊन यू. एस. स्टील उभी केली; तिचे भांडवल १४० कोटी डॉलर होते. नाओमी लॅमोरो या इतिहासकार विदुषीने या लाटेचा जो अभ्यास केला, त्यात भर आहे तो प्रचंड स्थिर खर्च, एकाच वेळी उभे राहिलेले नवे कारखाने आणि त्यानंतरची मंदी यांच्या योगावर. पोरबंदर-कटनीची गोष्ट याहून निराळी नाही.

एसीसी झाल्यावर प्रश्न सुटला असेही नाही. एकी झाली की भाव सावरतो, आणि भाव सावरला की बाहेरच्याला आत यावेसे वाटते. एक-दोन वर्षांतच दालमिया समूहाने आपले कारखाने उभे करून पुन्हा दराची झुंज लावली. १९४१ मध्ये त्या दोघांचा विक्रीचा समझोता झाला, तेव्हा ती थांबली.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लाट आली नाही. मालक शहाणे झाले होते असे मुळीच नाही. वर धरण बांधलेले होते. सिमेंटचा भाव आणि वाटप सरकारच्या हाती गेले. १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने मोठ्या घराण्यांना विस्तारासाठी आणि विलीनीकरणासाठी आधी दिल्लीची परवानगी घ्यावी लागे. घर बांधणाऱ्याला परमिटवर पोती मिळत, आणि परमिट देणाऱ्याच्या हाती केवढे सामर्थ्य असे, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले: सिमेंटच्या वाटपावरून मुंबई उच्च न्यायालयाने ठपका ठेवल्यावर जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढच्याच महिन्यात नियंत्रण अंशतः उठले, १ मार्च १९८९ रोजी पूर्ण उठले, आणि १९९१ मध्ये मक्तेदारीच्या कायद्यातील विलीनीकरणपूर्व परवानगीची अट गेली.

धरणाची दारे उघडली तरी पाणी लगेच खाली उतरले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आधी भट्ट्या वाढल्या. नियंत्रण सुटल्याच्या उत्साहात जो तो क्षमता वाढवीत गेला, नव्वदीच्या मध्यानंतर मागणी मंदावली, आणि १९२० च्या दशकाची पुनरावृत्ती झाली. मग मात्र सौद्यांची रीघ लागली. १९९८ मध्ये चेन्नईच्या इंडिया सिमेंट्सने आंध्रची रासी सिमेंट तिच्या संस्थापकांचा आधी विरोध असतानाही पदरात पाडली. त्याच सुमारास ग्रासिमने इंडियन रेयॉनचा सिमेंट व्यवसाय आपल्यात घेतला आणि श्री दिग्विजय सिमेंट मिळवली. १९९९ मध्ये टिस्कोचा सिमेंट विभाग फ्रान्सच्या लाफार्जकडे गेला. २००१ मध्ये रेमंडचा गेला. १९९९ च्या अखेरीपासून टाटांनी एसीसीमधला आपला हिस्सा गुजरात अंबुजाला विकला. दिनशांच्या स्वप्नातील मुख्य भागीदारच घर सोडून निघाला. २००१ मध्ये ग्रासिमने लार्सन अँड टुब्रोमध्ये शिरकाव केला आणि तीन वर्षांनी तिच्या सिमेंट व्यवसायाची अल्ट्राटेक झाली. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या होलसिमने अंबुजाच्या संगतीने एसीसीवर नियंत्रण मिळवले आणि पुढच्या वर्षी अंबुजातच पाय रोवला.

या यादीत विकणारे कोण, हे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. टाटा, रेमंड, लार्सन यांच्या दृष्टीने सिमेंट हा अनेक धंद्यांपैकी एक होता. त्यांना आपले मुख्य काम कोणते ते नव्याने ठरवायचे होते. आणि घेणाऱ्यांच्या मनात लोभापेक्षा भीती अधिक होती. शेजारच्या दोघांची क्षमता एक झाली, की मधल्या आकाराच्या मालकापुढे दोनच वाटा उरतात: आपणही कुणाला तरी घेऊन मोठे व्हायचे, किंवा आपल्याला कुणीतरी घेईल त्याची वाट पाहायची. मधल्यामध्ये थांबणे दर वर्षी अवघड होत जाते. शिवाय भावाची गोष्ट आहे. गल्लीतले एक घर चांगल्या किमतीला गेले, की त्या रात्री गल्लीतल्या प्रत्येक घरात आपल्या घराचा हिशेब होतो. सिमेंटमध्ये तो हिशेब ‘प्रति टन क्षमतेला किती’ असा होतो. पहिला सौदा तो आकडा सर्वांच्या हाती देतो. दुसऱ्या-तिसऱ्याला मग घासाघीस कमी लागते. तीन पिढ्यांचा कारखाना विकायचा की नाही, हा प्रश्न तोपर्यंत घरात कुणी उच्चारलेलाही नसतो. आकडा आला, की तो जेवणाच्या पंगतीत येऊन बसतो.

पण भीती आणि हाव बाजारात नेहमीच असतात. पैसा नेहमी नसतो. जॅराड हारफर्ड यांनी २००५ साली दाखवले, की एखाद्या उद्योगाला तंत्राचा, कायद्याचा किंवा मागणीचा धक्का बसला म्हणून लाट येतेच असे नाही; त्याच वेळी भांडवल स्वस्त आणि सुलभ असेल तरच ती उठते. वेगवेगळ्या उद्योगांतील लाटा एकाच वर्षी का येतात, याचे उत्तर यात आहे. पोलादाचा आणि औषधांचा एकमेकांशी संबंध नसतो, पण दोघांची बँक एकच असते.

पैसा नेहमी नोटांच्या रूपात असतो असेही नाही. चढलेला शेअर हाही पैसाच. समजा ‘अ’ कंपनीचा नफा १ कोटी, समभाग १० लाख. म्हणजे प्रत्येक समभागामागे कमाई १० रुपये. बाजार तिच्यावर खूश आहे, तो कमाईच्या वीसपट म्हणजे २०० रुपये भाव देतो. ‘ब’ कंपनीचाही नफा १ कोटीच, पण बाजार तिला दसपटच भाव देतो. तिची सारी किंमत १० कोटी. आता ‘अ’ने आपले ५ लाख नवे समभाग देऊन ‘ब’ घेतली. एकत्र नफा २ कोटी, समभाग १५ लाख, प्रत्येकामागे कमाई १३ रुपये ३३ पैसे. एकही यंत्र नवे आले नाही, एकही पोते जास्त विकले गेले नाही, आणि कमाई तेहतीस टक्क्यांनी ‘वाढली’. बाजाराने वीसपटीचा हट्ट धरून ठेवला, तर शेअर २६६ रुपयांवर जातो आणि पुढची कंपनी घेणे आणखी सोपे होते. १९६० च्या दशकात हॅरोल्ड जेनीन यांच्या आयटीटीने साडेतीनशेच्या आसपास कंपन्या घेतल्या. त्यांत शेरेटन हॉटेले होती, एव्हिसच्या भाड्याच्या मोटारी होत्या आणि पावाचे कारखानेही होते. टेलिफोनवाल्या कंपनीने पाव भाजण्यात कोणते तांत्रिक ऐक्य पाहिले, ते शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या दशकातल्या अनेक सौद्यांमागे या गणिताचा जोर होता, आणि ते शेअर बाजार चढता आहे तोवरच सुटते. आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी २००३ मध्ये मांडले, की आपला शेअर फुगला आहे हे ओळखणारा व्यवस्थापक तो उतरण्याआधी त्याच्या बदल्यात काहीतरी ठोस घेऊन ठेवतो. त्यामुळे बाजाराच्या तेजीबरोबर लाट चढते आणि पडझडीबरोबर ओसरते.

भारतात बहुतेक मोठे सौदे रोखीने, म्हणजे बहुतांशी कर्जाने झाले. पण कर्जही तेजीतच स्वस्त वाटते. सिमेंटबाहेरचे एकच उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटा स्टीलने युरोपातील कोरससाठी प्रत्येक समभागाला ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन चढाओढीत उतरली, आणि जानेवारी २००७ च्या अखेरीस लिलावात सौदा ६०८ पेन्सवर थांबला. कारखाने तेच होते, पोलाद तेच होते. तीन-चार महिन्यांत बदलला तो फक्त दुसऱ्या बोलीदाराचा आवाज. पुढच्या वर्षी जागतिक मंदी आली, आणि २०१६ मध्ये टाटांनी आपला ब्रिटनमधील पोलाद व्यवसाय विक्रीस काढला. लिलावात जिंकणारा पुष्कळदा जास्तच मोजतो, आणि त्याच्या मुळाशी व्यवस्थापकाचा स्वतःच्या अंदाजावरचा अतिविश्वास असतो, असे रिचर्ड रोल यांनी १९८६ सालीच लिहून ठेवले होते. लाटेच्या शेवटी शेवटी होणारे सौदे घेणाऱ्याच्या भागधारकांना सर्वांत महाग पडतात, हे अमेरिकेतील १९९८ ते २००१ च्या अनुभवानेही दिसले.

आणि ज्यांच्या कपाटात आजोबांच्या काळापासूनचे समभाग आहेत, त्यांचे काय? लाटेत प्रवर्तकाला मिळणारा भाव आणि घरातल्या भागधारकाला मिळणारा भाव यांत केवढे अंतर पडू शकते, हे त्या वर्षांतच दिसले. टाटांना एसीसीच्या प्रत्येक समभागाचे ३७० रुपये मिळाले. तो भाव बाजाराहून चढा होता. हिस्सा साधारण १४.४५ टक्के होता. १५ टक्क्यांपासून इतर भागधारकांनाही खुला प्रस्ताव देण्याचे बंधन सेबीच्या तेव्हाच्या नियमात होते. रेघेच्या जरासे अलीकडे थांबल्यामुळे सामान्य भागधारकाच्या वाट्याला तो भाव आला नाही. लार्सनच्या बाबतीत ग्रासिमने रिलायन्सकडून सुमारे १० टक्के हिस्सा ३०६ रुपये ६० पैशांनी घेतला, आणि वर्षभरानंतर इतरांना खुला प्रस्ताव दिला तो १९० रुपयांचा. कायद्याच्या चौकटीत हे बसवता येत असे. न्यायाच्या चौकटीत ते बसवणे कठीण आहे. २०११ मध्ये सेबीने नियम बदलले. २५ टक्क्यांची पायरी गाठली की किमान २६ टक्क्यांसाठी खुला प्रस्ताव द्यावा लागतो. पायरी वर गेली, म्हणजे तिच्या खाली थांबणाऱ्याला जागाही वाढली. पण ती ओलांडणाऱ्याला आता आणखी मोठा वाटा उचलावा लागतो.

२०१६ नंतरची लाट वेगळ्या कारणाने आली. तेजीत घेतलेल्या कर्जांची मुदत भरत आली होती आणि त्याच वर्षी नादारी व दिवाळखोरी संहिता लागू झाली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. येथे गरजवंताला वेळही उरला नव्हता. जेपी समूहाचे कारखाने २०१७ मध्ये १६,१८९ कोटींना अल्ट्राटेककडे गेले. बिनानी सिमेंटवरून दालमिया भारत आणि अल्ट्राटेक यांच्यात न्यायाधिकरणापर्यंत झुंज झाली आणि २०१८ मध्ये तीही अल्ट्राटेकला मिळाली. लाफार्ज आणि होलसिम जगभर एक झाल्याने स्पर्धा आयोगाच्या अटीनुसार लाफार्जचे भारतातील कारखाने विकावे लागले. ते २०१६ मध्ये निरमाने घेतले. युरोपातल्या एका विलीनीकरणाने गुजरातच्या साबणवाल्याला मोठा सिमेंटवाला केले.

मग २०२२ मध्ये होलसिमनेच भारत सोडला. अंबुजा आणि एसीसी अदानी समूहाकडे गेल्या. खुल्या प्रस्तावांसह सौदा सुमारे साडेदहा अब्ज डॉलरचा होता. खुला प्रस्ताव अंबुजासाठी ३८५ आणि एसीसीसाठी २,३०० रुपयांचा होता, पण बाजारभाव त्याच्यावर चढल्याने फारच थोड्यांनी समभाग दिले. त्यानंतर दोन मोठ्यांत जणू शर्यत लागली. अदानींनी संघी, पेन्ना आणि ओरिएंट घेतल्या. अल्ट्राटेकने केसोरामच्या सिमेंट व्यवसायासाठी ५२ समभागांना आपला एक, असा बदला दिला, आणि २०२४ मध्ये इंडिया सिमेंट्सवर ताबा मिळवण्याचा करार केला. १९९८ मध्ये रासी सिमेंट गिळणारी हीच ती कंपनी.

पोते विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर कंपन्या किती यापेक्षा त्यांच्यात चढाओढ किती हे महत्त्वाचे. २०१२ मध्ये, म्हणजे ही शेवटची लाट येण्याच्या खूप आधी, स्पर्धा आयोगाने संगनमताने भाव राखल्याबद्दल अकरा सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी आरोप अमान्य केला आणि वाद वरच्या न्यायालयांत चढत गेला. मधल्या काळात त्या अकरांतील काहींचे मालकच बदलले.

चंद्रपूर जिल्ह्यात या साऱ्या लाटा एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात. आवारपूरचा कारखाना लार्सनचा होता, तो अल्ट्राटेकचा झाला. गडचांदूरचे माणिकगड सेंच्युरीचे होते, २०१९ मध्ये तेही अल्ट्राटेककडे आले. उपरवाहीचा ‘मराठा सिमेंट’ अंबुजाचा आणि घुग्घुसचा जुना ‘चांदा’ एसीसीचा. २०२२ पासून दोन्हींचा धनी एकच. नारंड्याची मुरली इंडस्ट्रीज कर्जाखाली बंद पडली होती, ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दालमियांकडे गेली, म्हणजे ज्या घराण्याने एसीसीशी पहिली दरझुंज खेळली त्याच्याच एका शाखेकडे. चुनखडी जमिनीतून हलत नाही, म्हणून भट्ट्या आहेत तेथेच आहेत, आणि कामाच्या पाळ्याही त्याच भोंग्यावर बदलतात. फाटकावरची पाटी आणि पोत्यावरचे नाव मात्र काही ठिकाणी बदलले आहे.